अर्ध्या भिंतीचं हृदय

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी मला भर वर्गात पाल म्हटलं. त्याचा मी सूड घेतला. ओळखीतले लोक हे ऐकलं की माझा शब्द बदलायला बघतात. जिद्द म्हण, ध्यास म्हण, असं सुचवतात. पण जिद्दीनं शिकणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, आता शिकवतेही. त्यांना काहीतरी मिळवायचं असतं. मला एका माणसाकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं.

माझा जन्म झाला तेव्हा माझ्या हृदयात छिद्र होतं. खालच्या दोन कप्प्यांना वेगळं ठेवणारी भिंत पुरती जुळलेली नव्हती. डाव्या कप्प्याचा जोर जास्त, त्यामुळे शरीराकडे जायचं रक्त त्या छिद्रातून उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसात शिरायचं. दूध पिता पिता माझ्या कपाळावर घाम यायचा. आई पदरानं तो पुसायची आणि पुन्हा मला जवळ घ्यायची. वजन काही वाढायचं नाही, आणि दर हिवाळ्यात न्यूमोनिया ठरलेला.

आमचं घर मूळ नागपूरजवळच्या खापा गावचं, हातमागाचं. माग बंद पडले तसे बाबा इतवारीत एका कापडाच्या दुकानात कामाला लागले आणि आम्ही नागपुरात आलो. पण मी जन्मले ती खाप्यातच, आणि माझ्या छिद्राचा निवाडाही तिथंच झाला. माझ्या आत्यानं सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, "हे ग्रहणात विळीवर बसली असन. पोटातल्या लेकराले चीर पडली." आई त्या दिवशी विळीवर बसली नव्हती. हात मांडीवर ठेवून खोलीत नुसती बसून होती. तसं तिनं सांगितलंही. कोणी ऐकलं नाही.

शाळेत नाव घालायच्या वयात धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. छिद्रावर ठिगळ शिवलं गेलं. गळ्याच्या खळगीखालून छातीच्या मध्यापर्यंत एक पांढरट रेघ उरली. पुढं मी पोहू शकले, सायकल चालवू शकले, दमले की दम खाऊन पुन्हा धावू शकले. फक्त गळ्याशी बंद असणारे कपडे शिवून घ्यायचे आणि त्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, एवढी सवय लागली.

सरांना मात्र मी ते आपणहून सांगितलं. आमची सहल रामटेकच्या बाजूच्या टेकड्यांवर गेली होती आणि चढताना मी मागं पडत होते. सर थांबले. "काय गं, तब्येत बरी नाही?" त्यांनी इतक्या आपुलकीनं विचारलं की मी खरं ते सांगून टाकलं. छिद्र, ऑपरेशन, सगळं. त्यांनी मान हलवली, मला सावलीत बसवलं. उरलेल्या वाटेवर मला फार हलकं वाटत होतं. घरी आल्यावर आईलाही म्हणाले, सर फार चांगले आहेत.

त्यानंतर लवकरच वर्गात हृदयाचा धडा निघाला. मासा, बेडूक, पाल, माणूस. सर चित्रं छान काढायचे. त्यांनी फळ्यावर एक जिना काढला आणि एकेका पायरीवर एकेक हृदय ठेवलं. सगळ्यात खाली माशाचं दोन कप्प्यांचं. वर बेडकाचं तीन कप्प्यांचं. त्याच्यावर पालीचं, तेही तीनच कप्प्यांचं, पण खालच्या कप्प्यात अर्धीच भिंत असलेलं. आणि सगळ्यात वर माणूस, चार कप्पे, पूर्ण भिंत.

"निसर्गानं इथं भिंत बांधायला घेतली," पालीच्या हृदयावर खडू आपटत सर म्हणाले, "आणि काम अर्धवट सोडलं. चांगलं रक्त, वाईट रक्त, सगळी खिचडी. म्हणून हे प्राणी थंड, सुस्त, मागासलेले. आपल्या वर्गातही असा एक नमुना आहे." मग त्यांनी माझं नाव घेतलं आणि मला उभं केलं. "हिची भिंतसुद्धा निसर्गानं अर्धीच ठेवली होती. सर्जननं पुरी केली म्हणून ही बाकावर बसली आहे. नाहीतर आज भिंतीवर असती."

वर्ग हसला. माझ्या शेजारची मुलगी हसली आणि मग माझ्याकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला. सर स्वतः सगळ्यात जास्त हसले. मी उभीच होते, कारण बस असं कोणी म्हटलं नव्हतं. हात आपोआप गळ्याशी गेला, आणि त्यामुळे ज्यांना व्रण कुठं आहे हे माहीत नव्हतं त्यांनाही ते कळलं.

त्या दिवसापासून पदवी हातात पडेपर्यंत माझं नाव पाल. मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकांवरून कोणीतरी जीभ टाळूला लावून चुक्‌ चुक्‌ करायचं. सर फळ्याकडे तोंड करून हसायचे. खांदे हलायचे त्यांचे. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "सर विनोदी आहेत. मुलांना म्हणून तर आवडतात. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्याच वर्षी उमरेडच्या एका घरून माझ्यासाठी विचारणा आली होती. मुलाचा चुलतभाऊ आमच्याच वर्गात होता. काही दिवसांनी निरोप आला की मुलीच्या हृदयात दोष आहे असं कळलं, पुढं जायचं नाही. पुढं कधी घरात लग्नाचा विषय निघाला तर मीच उठून बाहेर जात असे.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती तूर निवडत होती. सूप तिनं बाजूला ठेवलं.

"काहून म्हटलं त्यानं असं?" तिनं विचारलं. "म्या अर्धं लेकरू जन्माले घातलं काय?"

मी सुपातले खडे वेचू लागले.

"मी येते उद्या तुह्या कॉलेजात. चपलेनं हाणते त्याले."

बाबा घाबरले. "जाऊ दे वं. पोरीचं वर्ष खराब होईन."

आई माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात बोलली. "मंग तू हाण. त्याच्याच विषयात हाण. त्याच्यापरीस जास्त शिक, अन् सगळ्यायच्या समोर त्याले खाली बसव. तवरक मी काही विसरत नाही. तूबी विसरू नको."

मी विसरले नाही. एमएस्सीला प्राणिशास्त्रच घेतलं. मैत्रिणी सूक्ष्मजीवशास्त्राकडे गेल्या, कोणी शिक्षिका झाल्या. मी ग्रंथालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयावरचं जे मिळेल ते वाचत बसले. सुरुवातीला मला काहीही सिद्ध करायचं नव्हतं, फक्त सरांची एखादी चूक हवी होती. एक जरी सापडली तरी पुरे, असं वाटायचं. आणि पहिल्याच पावसाळ्यात मला कळलं की त्यांचा सगळा जिनाच चुकीचा आहे. त्या दिवशी ग्रंथालयातून घरी येताना मी सीताबर्डीपासून चालत आले, आणि वाटेत एकटीच हसत होते. समोरून येणारी एक बाई मला बघून बाजूला झाली.

पाल आपल्या खालच्या पायरीवर थांबलेली नाही. तिचे आणि आपले पूर्वज फार पूर्वी वेगळे झाले. तेव्हापासून ती जितका काळ चालत आली तितकाच आपण चालत आलो. आपल्या वंशात भिंत पूर्ण झाली, ती आपली आपण. पक्षी आणि मगरींच्या पूर्वजांत ती पूर्ण झाली, ती त्यांची त्यांनी. एकाच जिन्यावर कोणी मागं-पुढं असं काही नव्हतंच.

आणि ती अर्धी भिंत! सर जिला सोडून दिलेलं काम म्हणायचे, ती स्नायूची एक जाड धार आहे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा ती समोरच्या भिंतीला जाऊन भिडते, आणि तेवढ्यापुरता कप्पा दुभागला जातो. घोरपडीत आणि अजगरात ही सोय इतकी पक्की असते की शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब मोठा आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्याचा लहान, असे दोन वेगळे दाब एकाच कप्प्यातून निघतात. कासवात रक्त थोडंफार मिसळतं, हे खरं. पण ते कधी, किती आणि कोणत्या बाजूला मिसळू द्यायचं यावर त्याचा ताबा असतो. पाण्याखाली श्वास रोखलेला असताना फुप्फुसाकडे रक्त पाठवून उपयोग काय? मग फुप्फुसाची नळी आवळली जाते आणि रक्त पुन्हा शरीराकडेच वळतं. मगरीची भिंत तर आपल्यासारखी पूर्ण. तरीही तिनं हृदयाबाहेर दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये एक लहानशी वाट ठेवली आहे आणि वेळ आली की ती फुप्फुसाला बगल देते. फुप्फुसात न गेलेलं, कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं ते रक्त पोटाकडे गेलं की आम्ल जास्त तयार होतं आणि गिळलेली हाडंसुद्धा विरघळतात, असं काही अभ्यासक म्हणतात.

हे सगळं शिकताना मला आनंद होत होता. पण खरं सांगायचं तर तो जाणून घेण्याचा निखळ आनंद नव्हता. प्रत्येक नवी गोष्ट कळली की मला सरांचा चेहरा दिसायचा, आणि ती गोष्ट त्या चेहऱ्यासमोर कशी धरायची हे मी ठरवायची. पीएचडी अशीच झाली. माझ्या मार्गदर्शक बाईंना वाटायचं की मुलगी फार मेहनती आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मला एका कॉलेजात नोकरी लागली. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रातल्या पशुवैद्य बाईंशी ओळख झाली, आणि आम्ही दोघी मिळून तिथं येणाऱ्या कासवांची, सापांची, घोरपडींची सोनोग्राफी करू लागलो. प्राणी मारून, फाडून बघायचे दिवस संपले होते. कासवाची मान आणि पुढचा पाय यांच्यामधल्या मऊ खळगीत जेल लावून यंत्राची दांडी टेकवली की पडद्यावर ते हृदय उघडझाप करताना दिसतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आईला केंद्रात बोलावून घेतलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे तर मस्त चालू आहे. याले कोन अर्धं म्हनते?"

बाबा तोवर गेले होते. घरात आम्ही दोघीच होतो. संध्याकाळी जेवताना आई मधूनच विचारायची, "तो आहे का वं अजून?" आहे म्हटलं की बरं वाटायचं तिला. सर निवृत्त झाले होते, पण त्यांचं पुस्तक आसपासच्या बऱ्याच कॉलेजांत लावलेलं होतं. त्यात तोच जिना, तोच शब्द, अपूर्ण हृदय. माझ्याच विद्यार्थ्यांना मला ते शिकवावं लागत होतं.

मग प्राणिशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा ठरली. विषय, हृदयाची उत्क्रांती. प्रात्यक्षिक माझ्याकडे होतं. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर चर्चा चालली होती, तेव्हा सरांचं नाव मी सुचवलं. "पुस्तक त्यांचंच आहे," मी म्हणाले. सगळ्यांना पटलं. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं पेटीतून खाप्याच्या मागावरचं तिचं जुनं लुगडं काढलं आणि उन्हात टाकलं. "मी येते," ती म्हणाली. मी तिला बोलावलं नव्हतं, पण न बोलावण्याचा प्रश्नही नव्हता.

सर आले. केस पांढरे, चाल तीच ताठ. मी पुढं होऊन नमस्कार केला आणि माझं नाव सांगितलं.

"अरे वा, हो हो," ते म्हणाले. "आठवतं ना. तुम्ही त्या हॉकी खेळणाऱ्या."

मी कधीही हॉकी खेळले नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काही नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाला उशाशी घेऊन झोपले, त्याच्या लेखी मी कोणीच नव्हते. क्षणभर मला वाटलं की माझ्या हातातलं सगळं निसटलं. ज्याला आठवतच नाही त्याच्यावर सूड घ्यायचा कसा?

ते काम सरांनीच केलं. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी मार्कर घेतला आणि पांढऱ्या फळ्यावर जिना काढला. मासा, बेडूक, पाल, माणूस. चित्रं अजूनही सुरेखच होती. मग पालीच्या हृदयावर बोट ठेवून ते म्हणाले, "माझ्या वर्गात एक मुलगी होती. हृदयात भोक. तिला मी म्हटलं, सर्जननं भिंत पुरी केली म्हणून बाकावर आहेस, नाहीतर भिंतीवर असतीस! अहो, पोरं आठवडाभर हसत होती." ते थांबले, हसू यायला जागा ठेवून. आणि सभागृह हसलं. शिकलेसवरलेले लोक, काही माझ्या ओळखीचे, हसले.

दुसऱ्या रांगेत आई बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, सरांकडे नाही.

माझी पाळी आली तेव्हा माझे हात थंड होते, पण आवाज नीट होता. केंद्रातल्या पशुवैद्य बाईंनी ओल्या कापडावर एक कासव आणून ठेवलं. नाल्यात प्लास्टिकच्या दोरीत अडकलेलं सापडलं होतं, आता बरं झालं होतं, लवकरच तलावात सोडायचं होतं. "थोडाच वेळ हां," बाईंनी मला बजावलं. मी दांडी खळगीत टेकवली. मोठ्या पडद्यावर हृदय दिसू लागलं.

"सर, पुढं येता का?" मी म्हणाले. ते आनंदानं आले. कौतुक होणार असं त्यांना वाटलं असावं.

"सर, याची भिंत अर्धी आहे. म्हणजे रक्ताचं काय होणार?"

"काय होणार? खिचडी," ते म्हणाले. काही लोक पुन्हा हसले.

"आणि फुप्फुसाकडे किती जायचं, शरीराकडे किती, हे या हृदयाला ठरवता येतं का?"

"कसं येणार? पडदाच नाही. जे जिकडे वाहील ते तिकडे."

"बघू या," मी म्हणाले. मी सगळ्यांना सांगितलं की पडद्यावरचा लाल-निळा रंग म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त नव्हे, तो फक्त वाहण्याची दिशा दाखवतो, आणि ही इथली नळी फुप्फुसाकडे जाते, या दोन शरीराकडे. कासव श्वास घेत होतं. तिन्ही नळ्यांत रंग धपधप उसळत होता. मग त्यानं श्वास घेणं थांबवलं. कासवं तसं करतातच. ठोके मंदावत गेले. फुप्फुसाच्या नळीतला रंग आधी अरुंद झाला, मग नुसता एक धागा उरला. शरीराकडच्या नळ्या वाहतच होत्या. आम्ही वाट बघत राहिलो. मग कासवाचा गळा हलला, नाकपुड्या उघडल्या, त्यानं श्वास घेतला, आणि ती मिटत आलेली नळी पुन्हा रंगानं भरून गेली.

मागच्या रांगेतून कोणीतरी "अरे!" म्हणालं.

"सर, पडदा नाही," मी म्हणाले. "मग ही नळी बंद कोणी केली? उघडली कोणी?"

सर पडद्याकडे बघत होते. "हे... यंत्राचं काहीतरी असेल," ते म्हणाले.

"पुन्हा दाखवू?"

ते दोन पावलं मागं सरकले. मी दांडी काढली, कासव बाईंच्या हाती दिलं, हात पुसले. मग माईक घेतला.

"सरांच्या वर्गात जी मुलगी होती ती मी. सहलीत त्यांनी विचारलं म्हणून मी त्यांना माझ्या आजाराबद्दल सांगितलं होतं. दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. माझं छिद्र हा आजार होता, कारण माणसाच्या फुप्फुसाला तो दाब सोसत नाही. या कासवाचं हृदय आजारी नाही, आणि अर्धवटही नाही. सर, तुम्हाला ती मुलगी कळली नाही आणि हा प्राणीही कळला नाही. दोघांवर विनोद मात्र केलात."

"अहो मॅडम, गंमत होती ती," सर म्हणाले. त्यांनी हसून लोकांकडे बघितलं. या वेळी कोणी हसलं नाही. मघाशी हसलेले लोक तर मांडीवरच्या फाइली बघत होते. "इतकं कोणी मनावर घेतं का?"

"मी घेतलं," मी म्हणाले, आणि टेबलावरचं डस्टर उचलून त्यांच्यापुढं धरलं. "जिना चुकीचा आहे, सर. तुम्ही काढलात, तुम्हीच पुसा."

त्यांनी आयोजकांकडे बघितलं. आयोजक उठले नाहीत. सरांनी डस्टर घेतलं. आधी माणूस पुसला, मग पाल, मग बेडूक. मासा पुसताना त्यांना वाकावं लागलं. मला त्यांची पाठ दिसत होती. पूर्वी हसताना हलायचे तेच खांदे. मला जराही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. उलट त्या क्षणी माझ्या अंगात जी ऊब पसरली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. जन्मभर थंडीत बसलेल्या माणसाला कोणी शेकोटीजवळ जागा दिली असावी, तसं काहीसं.

पुढचं काम फळ्यापेक्षा सावकाश झालं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर मी होते. सरांच्या पुस्तकाचा विषय मी मांडला, चुकीची पानं एकेक करून वाचली. बहुतेकांनी कार्यशाळेचं ऐकलंच होतं. विरोध झाला नाही. पुस्तक यादीतून गेलं. त्यांना भाषणांना बोलावणंही हळूहळू बंद झालं, असं कानावर आलं. कोणी मला म्हणालं, म्हातारा माणूस आहे, आता पुरे. मी म्हणाले, मी लहान होते तेव्हा ते माझ्या वयाकडे बघायला थांबले नव्हते.

उन्हाळ्यात एके दुपारी दाराची कडी वाजली. सर होते. घाम पुसत उभे. मी त्यांना आत घेतलं. खुर्चीवर बसून त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं एक विनंती आहे. त्या दिवशी गैरसमज झाला होता, असं एकदा तुम्ही मंडळात बोललात तर... माझं नाव फार खराब झालं हो."

"गैरसमज झाला नव्हता," मी म्हणाले.

तोवर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिनं सरांसमोर पाण्याचा पेला ठेवला आणि त्यांच्या समोरच जमिनीवर बसकण मारली.

"तुमीच का ते?" तिनं विचारलं.

"मी... हो. तुम्ही आई का?"

"आई. आता मी सांगते ते आयका. उठायचं नाही." सर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आई बोलत गेली. ग्रहणापासून सुरुवात केली तिनं. आत्या काय म्हणाली, कोणत्या बायांसमोर म्हणाली. घामेजलेलं कपाळ. न्यूमोनिया. दवाखान्याच्या काचेच्या दारापाशी चपला काढून ती कशी उभी होती, आणि आतून एक नर्स येऊन काय सांगून गेली.

"तिनं सांगतलं, आता हृदय बंद करून मशीनवर ठेवलं आहे म्हने. बंद. माह्या लेकराचं हृदय बंद केलं होतं त्यायनं. तुमाले समजते काय, बंद म्हंजे काय असते? मी त्या दारासमोर उभी होती अन् मले मालूम होतं का आत ते चालू नाही." तिचा आवाज चढला नाही. "अन् मंग ते सुरू झालं. ते सुरू झालेलं लेकरू म्या वाढवलं, शिकवलं, अन् तुमच्या वर्गात धाडलं. तुमच्या भरवशावर धाडलं."

सर पेल्याकडे बघत होते. पाणी त्यांनी प्यायलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "चुकलं असेल माझं."

"असेल नाही," आई म्हणाली. "चुकलं."

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. आईनं वाट बघितली. मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, ग्रहणापासून, जणू मघाशी काही बोललीच नव्हती. तेच शब्द, त्याच क्रमानं. सर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. दुसऱ्यांदा काचेच्या दारापाशी गोष्ट आली तेव्हा ते म्हणाले, "चुकलं, बाई. चुकलं माझं." डोळे ओले होते की उन्हामुळे तसे दिसत होते, मला सांगता येणार नाही. मी नीट बघितलंही नाही.

"आता म्हनून राहिले," आई म्हणाली. "तवा म्हनाले पायजे होतं."

आमच्या घरून पाहुणा चहाशिवाय जात नाही. मीटर बघायला आलेल्या माणसालाही आई बसवून घेते. त्या दिवशी तिनं चहाचं नाव काढलं नाही. सर उठले, दाराशी चप्पल घालताना त्यांनी भिंतीला हात टेकवला, आणि फाटकातून बाहेर पडले. आईनं फाटक लावलं, आत आली, न प्यालेलं पाणी कुंडीत ओतलं.

"झालं का वं मनासारखं?" मी तिला विचारलं.

"अजून बोलाचं होतं माहं," ती म्हणाली. "गेला लवकर."

मला केंद्रात जायचं होतं. अमरावती रोडवर गाडीनं उडवलेली एक घोरपड आली होती आणि पशुवैद्य बाईंना तिचं हृदय बघून हवं होतं. मी पोचले तेव्हा घोरपड टेबलावर निपचित पडली होती, जीभ मधूनच बाहेर येत होती. मी जेल लावलं. ठोके नियमित होते, दाब चांगला असावा असं दिसत होतं. जगेल, मी म्हणाले.

"आज फार उशीर केलात," बाई म्हणाल्या.

"घरी पाहुणे होते," मी म्हणाले, आणि दांडी थोडी डावीकडे सरकवली.